अमृताची गाठ

गुरुवारी सकाळी कडूबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि तेवढ्यात धोंडिबांच्या मोबाइलमधून नातीचा आवाज आला. अमृता विद्यापीठाच्या हॉस्टेलला राहायला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि रोज सकाळी ती असा एक बोलका निरोप पाठवायची. जेवले, झोपले, ऊन फार आहे, एवढंच त्यात असायचं. धोंडिबा तो दोनदा ऐकायचे, एकदा कळावा म्हणून आणि एकदा उगाच. त्या दिवशीचा निरोप मात्र मुळात त्यांच्यासाठी नव्हताच. तो प्रेरणा नावाच्या मैत्रिणीला जायचा होता आणि अमृताचं बोट चुकून भलत्याच नावावर पडलं होतं.

"प्रेरणा, काल सरांनी परत बघितली," मोबाइल सांगत होता. "म्हणाले, गाठ खरीच आहे. मी तीन रंग घालून बघितले, दर वेळी तेच येतंय. आपोआप सुटणारी नाही, आणि कापायची तर परवानगीच नाही. शनिवारी पुण्याच्या डॉक्टर येणारेत, त्यांच्यापुढं मांडायचीय. लई धाकधूक होतेय गं. आणि हे बघ, आबांना यातलं काहीच ठाऊक नाही. तुझ्या तोंडून निघू देऊ नको. त्यांना सहन व्हायचं नाही."

आधण उतू गेलं. कडूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. धोंडिबांनी उठून गॅस बंद केला, आणि त्यांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडलं.

"परत लावा," कडूबाई म्हणाल्या.

परत लावला. गाठ तीच होती.

खरा प्रकार वाचकांना आत्ताच सांगून टाकलेला बरा, कारण चिकलठाण्याच्या त्या दोन खोल्यांत तो शनिवारपर्यंत कोणालाच कळायचा नव्हता. विद्यापीठाच्या गणित विभागात दर उन्हाळ्यात बी.एस्सी.च्या मुलांसाठी सहा आठवड्यांचं निवासी शिबिर भरतं. संशोधन म्हणजे काय असतं, याची चव पोरांना वेळेवर लागावी, हा त्यामागचा हेतू. एरवीच्या गणितांची उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानावर असतात. इथे मात्र प्रत्येकाला असा प्रश्न मिळतो, की ज्याला मागचं पानच नाही. अमृताच्या वाट्याला गाठ आली होती, दोराची. गाठींचं गणितात एक आख्खं शास्त्र आहे. दोराला गाठ मारायची, त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची आणि मग विचारायचं, की न कापता ही सुटेल का? गाठीचं चित्र काढून त्यातले दोराचे तुकडे ठरावीक नियमाने तीन रंगांत रंगवता आले, तर ती खरी गाठ. ती कोणाच्या बापाला सुटत नाही. चांगली शिकली-सवरलेली माणसं यात हयात घालवतात, आणि त्यांना पीएच.डी. मिळाली की लोक त्यांना डॉक्टर म्हणतात.

आता हे आजोबांपासून लपवण्यासारखं काय होतं? होतं. धोंडिबांची पस्तीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, हमालीत गेली होती. पोती शिवायची, थप्प्या लावायच्या आणि ट्रक भरला की ताडपत्रीवरून दोर आवळायचा. त्यांनी बांधलेला दोर नांदेडपर्यंत ढिला होत नसे आणि उतरवायच्या वेळी एका हिसक्यात मोकळा होई. ड्रायव्हर लोक ट्रकच्या टपावरून ओरडायचे, "धोंडिबाभाई, तुमच्या हाताची गाठ पाहिजे." अमृता चार वर्षांची असताना बाजेच्या कडेला बसून आजोबांकडून गाठी शिकायची. आई-वडील चाकणला कंपनीत, त्यामुळे नात आजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. एका दुपारी दोर ओढता ओढता तिच्या तळहाताला फोड आला. धोंडिबांनी आपला तळहात तिच्या तळहाताशेजारी धरून पाहिला, दोराचं भेंडोळं माळ्यावर फेकलं आणि सांगितलं, "या घरात दोर माझ्यापाशी थांबला पायजे. हिच्या हातात मला पेनच दिसला पायजे." त्या दिवसापासून घरात कपडे वाळत घालायलासुद्धा तार आली.

अशा माणसाला, मी विद्यापीठात दोराच्या गाठी शिकतेय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? अमृताने 'संशोधन' एवढाच शब्द सांगितला. धोंडिबांनी पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या आपल्या मनाने जोडल्या आणि गल्लीभर सांगितलं.

"आता काय करावं ओ?" कडूबाईंनी विचारलं.

"मोतीरामला बोलाव," धोंडिबा म्हणाले.

मोतीराम शेजारच्या घरात राहायचा. एका दवाखान्याच्या दारात बसून त्याने अकरा वर्षं रोग्यांना नंबर वाटले होते, त्यामुळे गल्लीत वैद्यकीय बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानत. त्याने डोळे मिटून तो निरोप ऐकला.

"तीन रंग घातले म्हणती," तो म्हणाला. "मंजी तपासणी झाली. नसंतून रंग सोडत्यात आन् मग फोटो काढत्यात. आमच्या दवाखान्यात एकच रंग व्हता. तीन मंजी लई मोठी तपासणी झाली, दादा."

"आन् कापायची परवानगी नाय, ते?"

"जागा नाजूक असंल."

धोंडिबांनी शिबिराचा कागद काढून दिला. त्यावर विभागाचा फोन नंबर होता. मोतीरामने तो लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"बोला, विभागातून सर्जेराव बोलतोय."

'विभाग' हा शब्द ऐकून मोतीरामने कडूबाईंकडे अर्थपूर्ण पाहिलं. त्याच्या दवाखान्यात स्त्रियांचा विभाग होता आणि पुरुषांचाही.

"आमी अमृताच्या घरून बोलतो. तिच्या त्या गाठीचं इचारायचं व्हतं."

"हां हां, ती नऊ ठिकाणची ना?"

"नऊ ठिकाणी?"

"नऊ ठिकाणी गुंतलेली आहे म्हणे. ठोंबरे डॉक्टर रोज घेऊन बसतात. मला त्यातलं काही कळत नाही साहेब, मी आवक-जावक बघतो."

"मग शनिवारी काय करणार हायेत?"

"अकरा वाजता पुण्याच्या डॉक्टर येतायत. पडद्यावर मोठी करून सगळ्यांना दाखवणार. तुम्ही या ना. नातेवाइकांना मुभा आहे. दरवर्षी सूचना लावतो, पण कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"नातेवाईक बी येत नायत?"

"कोणाला सवड आहे आजकाल?" सर्जेराव म्हणाले आणि फोन बंद झाला. मोतीरामने बाहीने डोळे टिपले.

संध्याकाळी कडूबाईंना राहवलं नाही. दिवसभर मुलांचे मोबाइल शिबिराचे ठोंबरे सर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून घेत, ते सहानंतर परत देत. सहाला पाच मिनिटं असतानाच कडूबाईंनी नंबर लावायला सुरुवात केली.

"बाई, कशी हायेस?"

"बरी आहे आजी."

"जेवण जातंय का?"

"दोन दिवस जेवणावर लक्षच नाही गं. ती एक गाठ बसलीय ना, डोक्यातून जातच नाही."

"डोस्क्यात?" कडूबाई म्हणाल्या, आणि नेमकं त्याच वेळी विमानतळावरून उठलेलं विमान घरावरून गेलं. चिकलठाण्यातल्या लोकांना अर्धं वाक्य ऐकून पुढचं समजून घ्यायची सवय असते. विमान गेलं तोवर फोन कटला होता.

"परत लावू नको," धोंडिबा म्हणाले. "पोरगी आपल्याला तरास नको म्हून लपवू राहिली. आपुन इचारलं तर अजून घाबरंल. शनिवारी सरळ जायचं आन् तिला घेऊन यायचं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. कुणाच्या पडद्यावर माझी नात दाखवायची नाय."

शुक्रवारी दुपारी धोंडिबा स्टुलावर चढले, माळ्यावरून तिची पहिलीची पाटी काढली, ती पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. कडूबाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मोतीरामचं डोकं मात्र जोरात चालत होतं. कापायचं ठरलंच ऐनवेळी, तर रक्त लागेल. रक्त द्यायला माणसं लागतील. त्याने गल्लीतला कबड्डीचा संघ गाठला. त्यातले पाच जण वजनात बसत होते. शनिवारी सकाळी त्यांना पोटभर पोहे खाऊ घातले, कारण उपाशीपोटी रक्त घेत नाहीत हे त्याला माहीत होतं. आपला रक्तगट कोणालाच ठाऊक नव्हता, पण पाचातला एक तरी जुळेल असा हिशोब होता. ओळखू यावेत म्हणून पाचही जण संघाच्या पिवळ्या बनियनांत आले, पाठीवर आकडे घालून. मोतीरामच्या पुतण्याच्या टेम्पोत ते मागे उभे राहिले. कडूबाई गोधडी, थर्मास आणि मऊ भाताचा डबा घेऊन पुढे बसल्या.

जालना रोडने टेम्पो निघाला. धोंडिबा खिडकीशी होते. याच रस्त्यावर एके काळी दोन्ही बाजूंना शेतं होती आणि भरलेल्या ट्रकच्या पोत्यांवर झोपून ते येत, तेव्हा अंगावर कडुनिंबाचा मोहर पडायचा. मोंढा नाक्याच्या पुलावर टेम्पो चढला तशी त्यांनी सवयीने मान वळवून खाली पाहिलं. मोंढा कधीच जाधववाडीला गेला. पण तूर, मिरची आणि गोणपाटाचा तो वास धोंडिबांना पुलावरसुद्धा येतो. तो तिथे नसतो, त्यांच्या नाकात असतो. त्या वासाकरिता त्यांनी कधी हळहळ केली नव्हती. आज मात्र वाटलं, की त्याच दिवसांतला एखादा परत मिळावा, अमृता चार वर्षांची असावी आणि तिच्या तळहातावरच्या एका फोडापलीकडे कसली काळजी नसावी.

गणित विभागाच्या दारात सर्जेराव उभे होते. पिवळ्या बनियनांतले पाच गडी, गोधडी घेतलेली म्हातारी आणि थर्मास पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"गाठीसाठी आलोय," मोतीराम म्हणाला.

"सगळे?"

"लागलं तर अजून बोलावू."

सर्जेराव धावत आत गेले आणि ठोंबरे सरांना म्हणाले, "सर, पब्लिक आलंय."

डॉ. साहेबराव ठोंबरे सत्तरीचे होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी हे शिबिर त्यांनी सोडलं नव्हतं. दरवर्षी ते शेवटच्या शनिवारी 'सर्वांना मुक्त प्रवेश' अशी पाटी स्वतःच्या हाताने लिहीत आणि दरवर्षी ती वाचायला फक्त सर्जेराव असत. आज त्यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. गणित अखेर लोकांपर्यंत पोचलं होतं, आणि तेसुद्धा खेळाडूंपर्यंत. ते लगबगीने बाहेर आले.

"या, या. खूप बरं वाटलं. गाठीत रस आहे आपल्याला?"

"डॉक्टर," धोंडिबा हात जोडून म्हणाले, "गाठ कुठं हाय तेवढं सांगा."

"आत, फळ्यावर आहे."

धोंडिबांनी मोतीरामकडे पाहिलं. मोतीराम कुजबुजला, "फोटो लावला असंल."

"लई जुनी हाय का?"

"अठ्ठावन्न वर्षांची," सर अभिमानाने म्हणाले.

"पोरगी ईस वर्षांची हाय, डॉक्टर."

"हो, म्हणून तर कौतुक. आमच्या काळात हे धाडस कोणी केलं नसतं. गेली कित्येक वर्षं मी पोरांना देतोय ती गाठ. कोणी घ्यायलाच तयार नाही. हिने आपण होऊन मागून घेतली."

"तुमी देता?" कडूबाईंच्या हातातला थर्मास खाली पडला.

तो आवाज ऐकून अमृता दारात आली. तिच्या हातात पांढरा दोर होता, चांगला दोन-अडीच वार, आणि समोर सगळं चिकलठाणं उभं होतं. कडूबाईंनी धावत जाऊन तिचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, कपाळापासून मानेपर्यंत, आणि पुन्हा एकदा.

"कुठंय गं? दुखती का?"

"काय दुखतंय आजी? तुम्ही सगळे इथं कसे?"

मग मोबाइल निघाला, गुरुवारचा निरोप सगळ्यांसमोर चौथ्यांदा वाजला, आणि अमृताचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. तिने दोर पुढे धरला. "ही गाठ, आजी. ही. दोराची. मला काही झालेलं नाही." कडूबाई तिथेच गोधडीवर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. कबड्डीच्या संघानेही हुश्श केलं, त्यातल्या दोघांना सुईची भीती वाटत होती.

धोंडिबा मात्र हसले नाहीत. दोन दिवसांचं भय एका क्षणात उतरलं आणि त्या जागी दुसरंच काही चढलं. ते दोराकडे बघत होते.

"मंजी हेच का ते संशोधन?" ते हळू आवाजात म्हणाले. "दोर? पस्तीस वर्षं ह्या दोरानं माझा हात सोलला, पोरी. तुझ्या हातात येऊ नाय म्हून सोलून घेतला. आन् तू हितं येऊन त्योच हातात धरलास?"

आत पुण्याच्या डॉक्टर, करुणा मॅडम, घड्याळ बघत होत्या. चांगलं काम दिसलं, तर पुढच्या उन्हाळ्यात त्या एका मुलाला आपल्याकडे पुण्याला नेणार होत्या, आणि अमृताने पाच आठवडे त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

"चल घरी," धोंडिबा म्हणाले.

"आबा, अर्धा तास बसा. मग म्हणाल तिथं येते."

धोंडिबा बसले, तेही अगदी मागच्या बाकावर. बसताना त्यांचा हात सवयीने बाकाच्या कडेवरून फिरला. सागाचे हे बाक त्यांनीच कधीतरी ट्रकमधून उतरवले होते, त्यांना ते वजनावरून आठवत होते. तेव्हा ते या खोलीच्या दारापर्यंत आले होते, आत आज पहिल्यांदाच बसत होते.

अमृताने सुरुवात केली. फळ्यावर एक गुंतागुंतीची आकृती होती, नऊ ठिकाणी दोर स्वतःवरून ओलांडून जाणारा.

"ही गाठ सरांना लहानपणी भेटली," ती म्हणाली. "सर करमाडला शाळेत होते, सहावीत. जालन्याहून मीटरगेजच्या गाडीनं एक मास्तर यायचे आणि स्टेशनावरून सायकलनं शाळेत. एक दिवस वर्गातल्या एका मुलानं मास्तरांच्या सायकलचं हँडल शाळेपुढच्या लिंबाला बांधून टाकलं. दोराला गाठ मारली आणि टोकं अशी वळून जोडली, की टोक कुठंय तेच दिसेना. शाळा सुटली. सरांना मास्तरांची दया आली, म्हणून ते गाठ सोडवत बसले. तेवढ्यात मास्तर आले. त्यांना वाटलं, ह्यानंच बांधली. सहा छड्या बसल्या. मास्तरांची गाडी चुकली, ती वेगळीच. शेवटी विळा आणून दोर कापला. सरांनी त्या मुलाचं नाव सांगितलं नाही. 'कशी सोडवायची ते उद्या सांगतो,' असं तो म्हणाला होता. पण दुसऱ्या दिवसापासून तो शाळेतच आला नाही. सरांनी ती गाठ घरी जाऊन पाटीवर काढून ठेवली. हे तिचंच चित्र."

मागच्या बाकावर धोंडिबा उभे राहिले होते. आपण उभे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अमृताने लाल, निळा आणि हिरवा खडू घेतला. नियम सांगितला, एकेक तुकडा रंगवत गेली, आणि नऊच्या नऊ ओलांडण्यांवर नियम बरोबर बसला. "म्हणजे ही गाठ खरी आहे. न कापता ती कोणालाच सुटली नसती. सरांना जमली नाही, यात सरांची काही चूक नव्हती."

टाळ्या झाल्या. कबड्डीच्या संघाने सगळ्यात जोरात वाजवल्या. साहेबराव सर रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "कोणाला काही विचारायचंय?" हा प्रश्न ते दरवर्षी विचारत आणि दरवर्षी खोली गप्प राही.

"मला," धोंडिबा म्हणाले. "त्या सहा छड्या खाल्ल्या, त्यो पोरगा मंजी तूच का रे सायब्या?"

सत्तर वर्षांच्या डॉक्टरांना 'सायब्या' म्हणणारं जगात कोणी उरलं असेल, असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं.

"धोंड्या?"

"व्हय."

सर बाकांमधून वाट काढत मागे गेले. दोघांनी मिठी मारली नाही, त्यांच्या पिढीला ते जमत नाही. धोंडिबांनी सरांचा उजवा हात उलटा करून तळवा पाहिला.

"लई लागलं व्हतं का?"

"आता नाही दुखत," सर म्हणाले. "पण तू उद्या सांगतो म्हणाला होतास. अठ्ठावन्न वर्षं झाली. कशी सुटायची ती?"

धोंडिबांनी सरांचा हात सोडला. मग म्हणाले, "मलाबी येत नव्हती."

"काय?"

"घरी जाऊन दुसऱ्या दोरावर तश्शीच मारली. सुटंना. म्हणलं, उद्या सायब्या इचारील, मार बी त्यानंच खाल्ला, आन् आपल्याला सांगता यायचं नाय. लाज वाटली. म्हून शाळंत आलो नाय. परवाबी आलो नाय. मग बा म्हणला, शाळंत जात नायस तर मोंढ्यात चल."

सर आधी हसले आणि मग त्यांना हसता येईना. ज्या गाठीने एकाला विद्यापीठात आणून बसवलं, तिनेच दुसऱ्याला शाळेबाहेर काढलं होतं. अमृता पुढे आली. "आबा, कोणालाच आली नसती. आत्ताच सिद्ध केलं ना मी. तुम्ही विनाकारण शाळा सोडली."

नातीने दिलेला हा निर्वाळा धोंडिबांना फार गोड लागला. शाबासकी द्यावी म्हणून ते फळ्यापाशी गेले, ती आकृती जवळून पाहिली आणि थांबले.

"पर हे चित्र चुकलंय."

"शक्य नाही," सर म्हणाले. "त्याच दिवशी काढलंय मी."

"सायब्या, तू गाठ बघितलीस. मी मारलीय." धोंडिबांनी डावीकडच्या एका ओलांडणीवर बोट ठेवलं. "हितं दोर वरून नाय जात. खालून जातो. वरून घेतला तर हात अडकतो."

अमृताने ती एक जागा पुसली आणि वरचा दोर खाली केला. मग रंग भरायला घेतले. तिसऱ्याच तुकड्यावर लाल खडू अडला. पुन्हा केलं, पुन्हा अडला. पाच आठवड्यांचं काम पुण्याच्या मॅडमसमोर फळ्यावरून वाहून गेलं होतं. खडू तिच्या हातात तसाच राहिला.

धोंडिबांनी नातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा पांढरा दोर उचलला. सोळा वर्षांत त्यांनी दोराला हात लावला नव्हता. बोटं मात्र काही विसरली नव्हती. वरून, खालून, पुन्हा खालून, आणि क्षणभरात लिंबाखालची ती गाठ टेबलावर होती. टोकं सर्जेरावांनी चिकटपट्टीने जोडली.

"घे," धोंडिबा तिला म्हणाले. "तुझ्या हातानं बघ."

त्यांनी स्वतः तिच्या हातात दोर दिला. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी साहेबरावांनी. अमृताने दोरावरून बोट फिरवत एकेक ओलांडणी पाहिली. मग तिने एक फास उचलून पलीकडे टाकला, दुसरा त्याच्याखालून काढला आणि म्हणाली, "आता दोघं मागं सरका." दोघे म्हातारे एकेक पाऊल मागे सरकले, आणि दोर सळसळत सुटून त्यांच्या हातांत रिकाम्या कड्यासारखा लोंबायला लागला. एवढ्या मोठ्या गाठीतली एकही गाठ शिल्लक नव्हती.

"हे असंच्या असं लिहून काढ," करुणा मॅडम म्हणाल्या. "चुकलेलं चित्रही ठेव आणि आजोबांचंही. आणि पुढच्या मेमध्ये पुण्याला ये."

अमृताने धोंडिबांकडे पाहिलं. "दोर हिकडंच ठेवून जायचा नाय," ते म्हणाले. "तिकडं लागंल तुला." मागे मोतीराम सर्जेरावांना विचारत होता, की पाच गडी खाऊपिऊ घालून आणलेच आहेत, तर इथे जवळपास रक्त कुठे घेतात?

दोघे म्हातारे अजून दोराच्या दोन बाजू धरूनच उभे होते.

"म्हणजे सुटत होती," साहेबराव म्हणाले.

"सुटत व्हती की," धोंडिबा म्हणाले.

"दोन हिसक्यांत."

"दोनच."

कडूबाई गोधडीची घडी घालत होत्या. सोळाव्या वर्षी मोंढ्यात त्या धान्य निवडायला आल्या होत्या, आणि थप्पीवरून पोतं उतरवणाऱ्या एका हमालाने त्यांना पहिल्यांदा पाणी विचारलं होतं. त्यांनी घडी काखेत मारली, नवऱ्याकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि म्हणाल्या, "बरं झालं तवा सुटली नाय. सुटली असती तर आपली गाठ कुठं पडली असती?"